न बसलेली गादी

सोमवारी दुकान बंद असतं आणि घर उघडं पडतं.

रीत आजोबांच्या वेळेपासूनची. वरच्या मजल्यावरच्या राहत्या घरात सगळे एका खोलीत मावत नाहीत, म्हणून घराचे निर्णय खाली, गाद्यांच्या शोरूममध्ये होतात. शटर अर्धं ओढलेलं असतं, त्याखालून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. आत दोन रांगांत नमुन्याचे पलंग आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. दुकानाचा कारभार बघणारे काका दाराजवळच्या कडक काथ्याच्या गादीवर बसतात, कारण कडक गादीवरचा माणूस ठाम दिसतो असं त्यांचं मत आहे. त्यांची मोठी बहीण, म्हणजे घराची आत्या, स्प्रिंगच्या गादीवर. उठताना तिच्या गुडघ्यांना स्प्रिंगचा हातभार लागतो. काकांची पुतणी, म्हणजे घरातली धाकटी, तिचे आईवडील भिंतीकडच्या स्वस्त फोमवर, मध्ये हातभर जागा सोडून. कोण उठून कुणाच्या गादीवर टेकलं एवढं पाहिलं की कोण कुणाच्या बाजूला गेलं ते कळतं. हात वर करायला लावावे लागत नाहीत.

मधला पलंग मात्र कायम रिकामा. त्यावरची गादी शहराच्या टोकाला निघालेल्या नव्या फिजिओथेरपी कॉलेजातून परत आणलेली होती. तिथल्या उपचारांच्या दालनाला गाद्या काकांनीच पुरवल्या होत्या. दोन वर्षांनी त्यातली एक त्यांनी नवी देऊन बदलून घेतली आणि जुनी दुकानात मांडली. उशाशी पाटी लावली: ‘वैद्यकीय वापरात दोन वर्षं. खड्डा दाखवा, गादी फुकट न्या.’ गिऱ्हाईक हात फिरवून पाही, खड्डा सापडत नसे, आणि तेवढ्यावर ते दुसरी गादी घेऊन जाई. या गादीवर घरच्यांनी बसायचं नाही असा दंडक होता. गिऱ्हाइकानेही बसण्यापेक्षा हातच फिरवावा, असं काका गोड बोलून सुचवत.

या सोमवारचा विषय होता धाकटी. तिने फिजिओथेरपी करायची हे तिच्या गुणांनी आणि हट्टाने मिळून ठरवलं होतं. प्रश्न कुठून करायची एवढाच उरला होता. एक जागा रात्रभराच्या प्रवासावरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॉलेजात मिळाली होती. दुसरी याच नव्या कॉलेजात होती. तिथे जागा मिळावी लागत नसे, ती असेच. मोठ्या कॉलेजाला संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा होता. नाही कळवला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. आणि फी दुकानातून जायची असल्यामुळे होकार काकांचा लागत होता.

सुरुवात काकांच्या मुलाने केली. व्यवस्थापनाची पदवी घेऊन आल्यापासून घरात त्याला सल्लागार म्हणतात. दोन नोकऱ्यांनी त्याचा सल्ला ऐकला होता आणि त्याला घरी पाठवलं होतं. त्याने मोबाइलवर तक्ते बनवून आणले होते, पण पडदा तळहाताएवढा असल्यामुळे मोबाइल गादीगादीवरून फिरवावा लागला, आणि आत्यापर्यंत पोचला तेव्हा त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो होते.

“जग म्हातारं होत चाललंय,” सल्लागार म्हणाला, “आणि आपल्यासाठी ही फार चांगली बातमी आहे.”

पुढचं त्याने ओघाने सांगितलं. म्हाताऱ्यांचे गुडघे, खेळाडूंचे खांदे, संगणकापुढे बसणाऱ्यांच्या माना. मागणीच मागणी. परदेशात तर माणसं उभी राहायलाही वेळ ठरवून घेतात. पदवी कुठली याने काही बिघडत नाही. पेशंट पदवी वाचत नाही, पाटी वाचतो. धाकटीने मध्येच विचारलं की नव्या कॉलेजच्या पदवीवर स्वतंत्र दवाखाना टाकता येतो का. सल्लागाराने सांगितलं की तो प्रश्न शेवटच्या तक्त्यात आहे. शेवटचा तक्ता मोबाइलमध्ये उघडला नाही.

“मान्यता प्रक्रियेत आहे,” काकांनी मुलाला हात दिला. “काय प्रक्रियेत नसतं? आपलं गोदामाचं बांधकामही प्रक्रियेत आहे.”

“ते आजोबा होते तेव्हापासून आहे,” आत्या म्हणाली.

काकांनी ते ऐकलं नाही. ऐकायचं नसलेलं ऐकू न येण्याची सवय त्यांना गिऱ्हाइकांनी लावली होती. त्यांच्या मनात सगळं जागच्या जागी बसलं होतं. नवं कॉलेज सकाळचं. दुपारी मुलगी दुकानात. गिऱ्हाईक आलं की तिने पांढऱ्या कोटात त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, अरेरे म्हणायचं, आणि त्याला महागड्या रांगेकडे न्यायचं. रंगाऱ्याकडे पाटीही टाकून झाली होती: ‘मणक्याचा मोफत सल्ला. घरचेच डॉक्टर.’ कॉलेजचे प्राचार्य दुसरा मजला बांधत होते, त्या मजल्याला गाद्या लागणार होत्या, आणि पुतणीचं नाव आधी लागलं की गाद्यांचं नाव आपोआप लागणार होतं. यातलं काकांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माहीत सगळ्यांना होतं.

वडिलांनी एकदा दबकत, अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं म्हणून पाहिलं. ते नक्की कुणाच्या बाजूने बोलले हे कुणाला कळलं नाही, आणि ती त्यांची खासियतच होती. काकांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. ही म्हण त्या दुकानात कुणी काढत नसे. लोकांनी ती मनावर घेतली असती तर मोठ्या मापाची एकही गादी खपली नसती.

धाकटी कुठल्याच गादीवर बसली नव्हती. गल्ल्याला टेकून उभी होती. तिला जे हवं होतं त्याचं कारण या घरात सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि प्रत्येकाने वेगळं पाहिलेलं होतं. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा घराने त्यांना दुकानातली सर्वांत भारी गादी दिली. मऊ, महागडी, अंगाचा आकार घेणारी. आजोबा तिच्यात रुतले ते रुतूनच राहिले. मग मोठ्या रुग्णालयाच्या एका फिरत्या शिबिरातून फिजिओथेरपिस्ट बाई आल्या आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, “यांना यात कुणी ठेवलंय?” काका पुढे कितीतरी दिवस हा अपमान गिऱ्हाइकांना सांगत होते. बाईंनी आजोबांना आधी पलंगाच्या काठावर आणलं, मग खुर्चीत, आणि एके दिवशी त्यांच्या कमरेला पट्टा बांधून पट्ट्याचं टोक धाकटीच्या हातात दिलं. ओढायचं नाही, म्हणाल्या, नुसतं असू दे हातात. आजोबा थरथरत उभे राहिले. शेवटचे काही महिने ते रोज शटरपर्यंत चालत जात, रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवत आणि परत येत. अंगात बळ येतं म्हणजे काय होतं, ते धाकटीला त्या पट्ट्यातून कळलं होतं. पट्टा हलका होत जातो.

हे काकांच्या भाषेत सांगायचं तर, आपल्या दुकानाचा धंदा माणसाला आडवं करण्याचा आणि त्या बाईंचा उभं करण्याचा. म्हणजे बाई धंद्याच्या वैरी, आणि पुतणी वैऱ्याकडे शिकायला निघालेली.

“तिथे पेशंट आहेत, काका,” ती एवढंच म्हणाली. “नव्या कॉलेजात नाहीत. तिथली मुलं एकमेकांचेच गुडघे वाकवून शिकतात. धडधाकट गुडघे.”

आत्याने मान डोलावली, मग आपण मान डोलावली हे लक्षात येऊन थांबवली. मोठं कॉलेज पाहायला धाकटीबरोबर तीच गेली होती आणि जाता जाता तिथल्या रांगेत उभं राहून स्वतःचा गुडघाही दाखवून आली होती. शिकाऊ मुलीने तिला औषध दिलं नाही, मलम दिलं नाही, जिना चढायला लावला. आत्याने त्या मुलीचा उद्धार केला. मुलीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि आणखी एकदा चढायला लावला. तेव्हापासून आत्या रोज सकाळी कुणी बघत नाही असं पाहून जिना चढत होती. गुडघा बरा आहे हे मान्य करणं म्हणजे भावाविरुद्ध मत देणं झालं असतं, आणि दुकानात तिचा हिस्सा होता. म्हणून ती गुडघा दुखतो असंच सांगत होती.

“दगडापेक्षा वीट मऊ,” ती मोघम बोलली. “पण दगड कुठला आणि वीट कुठली ते तुम्ही ठरवा.”

आणि याच वेळी आई उठली. दुकानातल्या लोकांना ती आत्याकडे जाईल असं वाटलं. ती सरळ काकांच्या कडक गादीवर जाऊन टेकली.

सल्लागारसुद्धा मोबाइलमधून वर पाहू लागला. लग्न होऊन आल्यापासून आई त्या गादीच्या बाजूला कधी गेली नव्हती. दुकानाचे फोन घेणं, मागण्या नोंदवणं, तगाद्यांना गोड उत्तरं देणं ही तिची कामं, आणि काकांच्या दहा वाक्यांतली नऊ गिऱ्हाइकापुढे सावरून घेणं हे न सांगितलेलं काम. तिने आता वसतिगृहं कशी असतात ते सांगितलं, मुली तिथे कशा वाळतात ते सांगितलं, जवळ कॉलेज असताना लांब जाणं म्हणजे नसती हौस असंही सांगितलं. सगळं पटण्यासारखं होतं. खरं होतं ते तिने सांगितलं नाही. नवरा दिवसभर टेम्पोवर गाद्या पोचवत फिरतो आणि रात्री भिंतीसारखा गप्प बसतो. घरात तिच्याशी दोन शब्द बोलणारी ही एकटी पोर, आणि ती गेली की राहणार फक्त फोन, त्यावरही सगळी गिऱ्हाइकं.

धाकटीने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच संपलं असतं.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या कॉलेजात गाद्या तुम्ही पोचवल्यात. ही मधली परत आणायलाही तुम्हीच गेला होतात. तेव्हा त्या दालनाला कुलूप होतं का?”

वडिलांनी भावाकडे पाहिलं. “कुलूप असतंच. चोऱ्या होतात.”

“दुपारी? वर्ग चालू असताना?”

“किल्ली सापडायला वेळ लागला,” ते म्हणाले, आणि आपण उत्तर दिलं हे त्यांना जरा उशिरा कळलं.

“आणि प्लास्टिक?”

“ते… काही गाद्यांवर होतं. काहींवरचं काढलेलं होतं.” त्यांनी मधल्या पलंगाकडे पाहिलं. “हिच्यावरचं मी काढलं.”

काकांना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला, आणि या घराला ओळखणाऱ्यालाच ते नवल वाटणार नाही.

“मग? बघा मालाचा दर्जा. दोन वर्षं दवाखान्यात राहून एक सुरकुती नाही.”

“काका, तिच्यावर कुणी झोपलंच नाही.”

“हे कशावरून?”

“खड्डा नाही यावरून.”

“खड्डा नाही म्हणजे गादी चांगली,” काका समजावून सांगू लागले. “तू कॉलेजला नावं ठेवायला माझ्या गादीचा आधार घेतेस, आणि ती गादीच म्हणते की कॉलेजात पेशंटांची रीघ असूनही मी हलले नाही.”

युक्तिवादाला तोड नव्हती. गिऱ्हाइकांपुढे रोज तेच वाक्य बोलून काकांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. गिऱ्हाईक फसतं ते विकणाऱ्यामुळे. विकणारा फसतो तो मात्र स्वतःच्या मेहनतीने. सल्लागाराने मान डोलावली. आईने जमिनीकडे पाहिलं.

आत्या उठली. स्प्रिंगचा हातभार न घेता उठली, पण त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. चार पावलं चालून ती मधल्या पलंगापाशी गेली आणि पाटीकडे पाठ करून त्या गादीवर बसली.

“ताई,” काका म्हणाले.

“गुडघा दुखतोय.”

“ताई, तिथे नाही.”

“का? पेशंटांची रीघ सोसली तिने. मी एक जास्त.”

ती बसूनच राहिली. आत्या अंगाने भरलेली बाई. बसल्या बसल्या तिने जिन्याची सगळी हकिगत सांगितली, पदर सावरत, त्या शिकाऊ मुलीच्या नावाने बोटं मोडत. तिथे खाटा एकमेकींना कशा खेटून आहेत, एक उठला की दुसरा त्याच गरम जागेवर कसा येतो, म्हातारे, मजूर, गाडीवरून पडलेली पोरं, बाळंतिणी, आणि त्या सगळ्यांना ओरडून उभी करणारी तुमच्या-आमच्या मुलींच्या वयाची पोरं. सांगता सांगता ती विसरली की आपण कुणाच्या बाजूचे नाही. मग पाणी प्यायला उठली.

गादी उठली नाही.

सगळे पाहत होते. मधोमध, आत्याच्या आकाराचा, व्यवस्थित खड्डा. काकांनी चार पावलांत पलंग गाठला आणि कणीक मळावी तशी गादी दाबून पाहिली. खड्डा जरासा सरकला आणि पुन्हा होता तिथे आला. सल्लागाराने पाटी उचलून उलटी ठेवली, हा त्याने त्या दिवशी दिलेला एकमेव उपयोगी सल्ला.

कुणी हसलं असतं तर धाकटीची जागा गेली असती. काकांचा पाणउतारा झाला की ते हटून बसत, हे घराने आधी दोनदा भोगलं होतं. धाकटी गल्ल्यापासून निघाली आणि काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने खड्ड्यात तळहात ठेवला, गिऱ्हाइकाला दाखवताना काका ठेवत तसा.

“मोठ्या रुग्णालयात एक खाट रिकामी नसते, काका,” ती म्हणाली. “तिथे ही गादी सहा महिने टिकायची नाही.”

काकांनी सावकाश मान वळवली.

“सहा महिने?”

“फार तर.”

“खाटा किती असतील?”

“मोजता आल्या नाहीत. मजले सात आहेत.”

काका परत कडक गादीवर येऊन बसले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांच्या बोटांवरून कळत होतं. नव्या कॉलेजात गाद्या एकदा गेल्या की गेल्या. तिथे खड्डा पडत नव्हता, म्हणजे दुसरी मागणीही येणार नव्हती. खड्डा न पडणारं गिऱ्हाईक म्हणजे मेलेलं गिऱ्हाईक, हे एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. वर्षातून दोनदा बदलणारे सात मजले. आणि आत, पांढऱ्या कोटात, घरचं माणूस.

“तिथली खरेदी कोण बघतं?” त्यांनी शेजारी बसलेल्या आईला विचारलं. “तू बोलली होतीस ना त्यांच्याशी मागे? आपल्याकडून घेतील का ते?”

आई बोलली होती. गेल्या वर्षी, काकांच्याच सांगण्यावरून. पलीकडच्या कारकुनाने कंटाळलेल्या आवाजात सांगितलं होतं की गाद्या वरच्या कार्यालयातून येतात, पुरवठादार ठरलेला आहे, पुन्हा फोन करू नये. तोवर काका नव्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्याच्या मागे लागले होते, म्हणून त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आता खरं तेवढं सांगायचं होतं. एक वाक्य. मुलगी घरी राहिली असती, दुपारी दुकानात बसली असती, रात्री ताटावर बसून दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला केल्या असत्या. त्यासाठी खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

तिने मुलीकडे पाहिलं. मुलीचा हात अजून त्या खड्ड्यात होता.

“तेव्हाचा माणूस बदलला असेल, दादा,” आई म्हणाली. “आतलं कुणी असलं की विचारायला बरं पडतं.”

“तेच म्हणतो मी,” काका म्हणाले.

पाच वाजायच्या आत होकार गेला. धाकटीने मोबाइलवर बोट टेकवलं तेव्हा काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, जणू बोट त्यांचंच आहे. मोठ्या ठिकाणी शिकलेलं शेवटी मोठंच असतं, असं आपण पहिल्यापासून म्हणत होतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सल्लागार म्हणाला की त्याच्याही तक्त्यातून तेच निघत होतं. रंगाऱ्याला फोन करून पाटी थांबवायचं काम वडिलांवर आलं आणि त्यांनी ते लगेच केलं; कुणी सांगितलेलं काम त्यांना फार हलकं वाटे. प्राचार्यांचा फोन आला तेव्हा तो काकांनी नुसता वाजू दिला.

सगळे वर गेल्यावर आई आणि धाकटी गाद्यांवरच्या चादरी सारख्या करायला मागे राहिल्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या.

“आई, खरेदी वरच्या कार्यालयातून होते ना? फोन ठेवल्यावर तू मलाच म्हणाली होतीस.”

“म्हणाले असेन.”

“काकांना कळेल.”

“कळेल तेव्हा तू दुसऱ्या वर्षाला असशील. अर्ध्या वाटेवरून माल परत आणला की भाडं दुप्पट पडतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.”

त्यांनी चादर झटकली. आईने कोपरा गादीखाली खोचला आणि तो नीट बसलेला असूनही पुन्हा एकदा खोचला.

“आणि तिथे गेल्या गेल्या फोनवर मजेत आहे असं सांगू नकोस,” ती म्हणाली. “मी दिवसभर फोनवर खोटं ऐकते. मला कळतं.”

“मग काय सांगू?”

“करमत नाही म्हणून सांग. थोडे दिवस तरी.”